हॉस्पिटलच्या आधीची दहा मिनिटं

4 नोव्हेंबर 1966. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात 'सिरिया मॉस्क' नावाच्या सभागृहात डेमोक्रॅटिक पक्षाची प्रचारसभा भरली होती. (नाव मशिदीचं असलं तरी ते होतं सभा-संगीताचं थिएटर.) डेव्हिड लॉरेन्स भाषणाला उभे राहिले. वय 77. चार वेळा शहराचे महापौर, मग पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर. पिट्सबर्गमध्ये त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे, असा माणूस. बोलता बोलता ते कोसळले. हृदय बंद पडलं होतं.

गर्दीत एक नर्स होती, तिने धावत येऊन छाती दाबायला सुरुवात केली. मग गाडी आली. पोलिसांची. लॉरेन्सना उचलून त्यात घातलं. हॉस्पिटल काही फार लांब नव्हतं, पण मधल्या प्रवासात श्वास आणि रक्ताभिसरण नीट चालू ठेवणारं कुणी नव्हतं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी हृदय पुन्हा चालू केलं, मेंदू मात्र परत आला नाही. 21 नोव्हेंबरला ते गेले.

शहरातल्या सगळ्यात वजनदार माणसाची ही गत, तर बाकीच्यांचं काय होत असेल?

आज अँब्युलन्स म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ऑक्सिजनचा सिलिंडर, मॉनिटर, सलाइन आणि ते सगळं वापरता येणारा माणूस येतो. 1966 मध्ये अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत असं काही नव्हतं. पिट्सबर्गमध्ये फोन केला की पोलिसांची व्हॅन यायची. दोन पोलीस पेशंटला उचलून मागे ठेवायचे आणि दोघंही पुढे जाऊन बसायचे. मागे पेशंट एकटा. बाकी अनेक गावांत हे काम फ्युनरल होमवाले करायचे, कारण माणूस आडवा झोपेल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असायची. म्हणजे सकाळी जी गाडी प्रेत घेऊन स्मशानात गेली, तीच दुपारी अपघातातल्या जखमीला न्यायला यायची. याच वर्षी अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने एक अहवाल काढला, त्यात हे आकड्यांत मांडलंय: देशातली सुमारे निम्मी अँब्युलन्स सेवा 12,000 फ्युनरलवाल्यांच्या हातात होती, आणि 1965 या एका वर्षात अपघातांनी 1,07,000 माणसं मेली होती. व्हिएतनामहून परतलेल्या तज्ज्ञांचं म्हणणं त्यात नोंदवलंय की गंभीर जखमी माणसाची वाचण्याची शक्यता आपल्या शहरातल्या रस्त्यापेक्षा रणांगणावर जास्त आहे.

लॉरेन्सना ज्या हॉस्पिटलात नेलं, तिथे पीटर साफार नावाचे भूलतज्ज्ञ होते. मूळचे व्हिएन्नाचे. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, त्याच्या घडणीत या माणसाचा मोठा वाटा आहे. 1950 च्या दशकाच्या शेवटी बाल्टिमोरला असताना त्यांनी एक प्रयोग केला, जो आज कुठलीही एथिक्स कमिटी हसून फेटाळेल. स्वयंसेवकांना औषध देऊन त्यांचे स्नायू लुळे पाडायचे, म्हणजे श्वास आपोआप बंद. मग दुसऱ्यांनी त्यांच्या तोंडाला तोंड लावून त्यांना श्वास द्यायचा. त्यातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक, पाठ दाबून हात वर उचलण्याची जुनी पद्धत कुचकामी होती, कारण बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बंद करते आणि हवा आत जातच नाही. डोकं मागे झुकवलं, हनुवटी वर उचलली, की वाट मोकळी होते. दोन, हे करायला डॉक्टर असावं लागत नाही. साफारांच्या प्रयोगांत अगदी सामान्य माणसांनीही हे नीट करून दाखवलं.

छाती दाबण्याचा भाग दुसरीकडून आला. बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवेन नावाचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर कुत्र्यांवर शॉकचे प्रयोग करत होते. त्यांच्या सहकाऱ्याच्या लक्षात आलं की शॉकचे जड पॅडल छातीवर नुसते दाबले तरी रक्तदाब वर जातो. 1960 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. साफारांनी दोन्ही जोडलं: आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्ताभिसरण. आज जगभरातल्या पॅरामेडिकची पेशंट तपासण्याची पद्धत याच क्रमावर उभी आहे.

लॉरेन्स गेले त्याच 1966 मध्ये साफारांच्या घरातही मृत्यू येऊन गेला होता. आईवडील एका वैद्यकीय परिषदेसाठी बाहेरगावी असताना त्यांच्या 11 वर्षांच्या मुलीला, एलिझाबेथला, दम्याचा जोराचा झटका आला. ती वाचली नाही. श्वासावर आयुष्य घालवलेल्या माणसाची मुलगी श्वासानेच गेली. या दुःखाचं त्यांनी पुढे काय केलं हे लिहिताना लेखक लोकांचा कंठ दाटून येतो. मला त्यातली कोरडी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. साफारांना नेमकं ठाऊक होतं की कुठली दहा मिनिटं वाया जातात. हॉस्पिटलच्या आतली नव्हे, त्याच्या आधीची. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-सहा मिनिटांत कायमचं नुकसान सुरू होतं. जगातलं सगळ्यात भारी आयसीयू असलं तरी ते उशिरा भेटलं तर उपयोग शून्य.

म्हणून त्यांनी ठरवलं की आयसीयूच रस्त्यावर न्यायचं. डोक्याच्या बाजूने पेशंटपर्यंत पोचता येईल, आत उभं राहून काम करता येईल अशी गाडी त्यांनी कागदावर आखली. 300 तासांच्या प्रशिक्षणाचा आराखडा केला. शरीररचना, श्वसन, हृदय, जखमा, बाळंतपण, गाडी चालवणं. प्रश्न एकच होता: शिकायला येणार कोण?

उत्तर आलं हिल डिस्ट्रिक्टमधून.

हिल डिस्ट्रिक्ट म्हणजे पिट्सबर्गच्या मध्यवस्तीला लागून असलेली कृष्णवर्णीयांची वस्ती. नाटककार ऑगस्ट विल्सन इथलाच, त्याची बहुतेक नाटकं याच गल्ल्यांत घडतात. एकेकाळी जॅझ क्लब, दुकानं, वर्तमानपत्रं यांनी गजबजलेली. 1950 च्या दशकात शहराच्या 'पुनरुज्जीवना'च्या नावाखाली खालची हिल बुलडोझरखाली गेली, सुमारे 8,000 लोक बेघर झाले आणि तिथे एक मोठं स्टेडियम उभं राहिलं. हे पुनरुज्जीवन पुढे रेटणारे महापौर कोण? डेव्हिड लॉरेन्स. इतिहास असा कधी कधी फारच नाटकी वागतो.

उरलेल्या हिलमध्ये बेकारी होती आणि पोलिसांची भीती होती. जी गाडी आपल्याला पकडून न्यायला येते तीच आजारपणात बोलवायची, हे कुणाला जमणार? लोक बोलवतच नसत. शेजाऱ्याची गाडी मिळाली तर मिळाली.

फिल हॅलन नावाचे गृहस्थ तिथल्या एका आरोग्यनिधीचे प्रमुख होते. तरुणपणी त्यांनी स्वतः अँब्युलन्स चालवली होती. त्यांच्या डोक्यात आलं की वस्तीला अँब्युलन्स हवी आहे आणि वस्तीतल्या पोरांना काम हवं आहे, तर दोन्ही एकत्र का नको? ते साफारांना भेटले. हिलमध्ये 'फ्रीडम हाउस एंटरप्रायझेस' ही रोजगार मिळवून देणारी संस्था होती, तिचा एक उद्योग भाजी विकण्याचा होता. तिच्या छताखाली 1967 मध्ये फ्रीडम हाउस अँब्युलन्स सर्व्हिस सुरू झाली. पहिल्या तुकडीत पंचवीसेक कृष्णवर्णीय तरुण होते. कित्येकांनी शाळा अर्धवट सोडलेली, काही जण व्हिएतनामहून आलेले, काहींच्या नावावर पोलिसांत नोंद. सरकारी भाषेत त्यांना तेव्हा 'नोकरीला अपात्र' म्हणत.

या मुलांना ऑपरेशन थिएटरमध्ये उभं केलं, आयसीयूत ड्युटी लावली, शवागारात नेलं. 1968 मध्ये गाड्या रस्त्यावर आल्या.

त्यांच्या हातात नवं काय होतं? यंत्रं होती, पण खरी नवी गोष्ट म्हणजे थांबणं. तोपर्यंत सगळ्यांचा मंत्र एकच होता: उचला आणि पळा. फ्रीडम हाउसची माणसं आल्यावर आधी गुडघ्यावर बसायची. पेशंट बोलतोय का? बोलत असेल तर वाट मोकळी आहे. छाती वर-खाली होतेय का, किती वेगाने? नाडी लागते का? कातडी गार आणि घामेजलेली आहे का? हे सगळं मिनिटाच्या आत. मग जे जीव घेतंय त्यावर तिथल्या तिथे इलाज, आणि मग गाडी.

दम्याचंच घ्या. झटक्यात हवा आत जाते पण बाहेर पडत नाही, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. काही वेळाने आवाज थांबतो, पेशंट शांत होतो, झोपेला आल्यासारखा दिसतो. घरचे म्हणतात, बरं वाटतंय आता. शिकलेल्या माणसाला मात्र घाम फुटतो, कारण आवाज थांबला म्हणजे हवाच हलत नाहीये. पेशंट थकलाय, आता श्वास थांबणार. व्हॅनच्या पुढच्या सीटवरून हा फरक कळत नाही.

अपघातात उलटं होतं. तिथे सगळ्यांचे डोळे रक्ताकडे जातात. फाटलेली मांडी, वाकडा झालेला हात. पण पाय मोडून कुणी तीन मिनिटांत मरत नाही, घशात जीभ पडून किंवा रक्त साचून मरतं. म्हणून भळाभळा वाहणारं रक्त दाबून धरतानाच दुसरा हात आणि दुसरा माणूस डोक्याशी हवा. आणि तिथे मान दुखावली असेल तर डोकं मागे झुकवायचं नाही, दोन्ही बाजूंनी जबडा पुढे ओढायचा. हात-पाय धरून गाडीत टाकण्याच्या जुन्या पद्धतीत किती जणांच्या मणक्याचं काय झालं असेल, याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

हृदयाचं मात्र यंत्राशिवाय भागत नव्हतं. हृदय बंद पडतं तेव्हा पुष्कळदा ते स्तब्ध नसतं, पिशवीतल्या किड्यांसारखं नुसतं वळवळत असतं. त्याला शॉक दिला तर ते ताळ्यावर येतं, पण दर मिनिटाला संधी झपाट्याने कमी होत जाते. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला फ्रँक पॅन्ट्रिज नावाच्या डॉक्टरने यावर तोडगा काढला होता. मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारं शॉकचं मशीन, वजन सुमारे 70 किलो, तरी त्याला 'पोर्टेबल' म्हणायचे. 1966 पासून त्यांची गाडी ते घेऊन पेशंटच्या दारात जायची. पण बेलफास्टच्या गाडीत डॉक्टर असायचा. पिट्सबर्गने विचारलेला प्रश्न जास्त धाडसाचा होता: डॉक्टर नसलेला माणूस हे करू शकेल का?

(हा प्रश्न आपल्याकडे अजून पुरता सुटलेला नाही. भारतात 108 ची सेवा 2005 मध्ये आंध्र प्रदेशात सुरू झाली, महाराष्ट्रात 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी. महाराष्ट्राने गाडीत डॉक्टर बसवायचा मार्ग घेतला. त्याचे फायदे-तोटे हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण पिट्सबर्गची गोष्ट वाचताना तो मनात येतोच.)

पहिल्या वर्षात फ्रीडम हाउसने जवळजवळ 5,800 कॉल घेतले, 4,600 हून अधिक पेशंट हॉस्पिटलात पोचवले. साफारांच्या हिशोबाने त्यातले 200 जण एरवी वाचले नसते. 1972 मध्ये त्यांनी 1,400 पेशंटच्या नोंदी तपासल्या. गंभीर पेशंटना योग्य उपचार मिळण्याचं प्रमाण फ्रीडम हाउसकडे 89 टक्के निघालं, पोलिसांकडे 38 आणि स्वयंसेवी अँब्युलन्सकडे 13 टक्के.

जॉन मून त्या काळी हॉस्पिटलात वॉर्डबॉय होता. एक दिवस दोन कृष्णवर्णीय माणसं स्ट्रेचर घेऊन आत आली, आणि डॉक्टर-नर्सेस त्यांचं ऐकून घेऊ लागले. गणवेश, चाल, बोलण्यातला ठामपणा. मून पुढे मुलाखतींत हा प्रसंग सांगत असे. असं काही त्याने कधी पाहिलं नव्हतं. 1972 मध्ये तो फ्रीडम हाउसमध्ये दाखल झाला. बेशुद्ध माणसाच्या श्वासनळीत नळी घालणं हे तोवर भूलतज्ज्ञाचं काम. हॉस्पिटलबाहेर ते करणाऱ्या पहिल्या काही पॅरामेडिकांमध्ये आज मूनचं नाव घेतलं जातं.

त्याच्या मागे उभी होती डॉ. नॅन्सी कॅरोलाइन. साफारांच्या हाताखाली शिकायला आलेली, तिशीची, 1974 पासून फ्रीडम हाउसची वैद्यकीय प्रमुख. ती ऑफिसात बसून सह्या करणाऱ्यांतली नव्हती. गाडीत बसून कॉलवर जायची, रेडिओवरून सूचना द्यायची आणि नंतर एकेका केसची चिरफाड करायची: हे का केलंस, ते का नाही केलंस? संपूर्ण देशासाठी पॅरामेडिकचा अभ्यासक्रम लिहायचं काम केंद्र सरकारने तिच्याकडे दिलं होतं. तिची प्रयोगशाळा होती हिलचे रस्ते आणि हीच माणसं.

इथवरची गोष्ट सुखाची आहे. सिनेमा असता तर इथेच संपवला असता.

फ्रीडम हाउसची गाडी शहराच्या ठरावीक भागातच जायची. त्यामुळे विचित्र परिस्थिती झाली. गरीब कृष्णवर्णीय वस्तीला देशातली उत्तम सेवा, आणि श्रीमंत गोऱ्या वस्त्यांना अजून पोलिसांची व्हॅन. तिथले लोक विचारू लागले, आम्हाला का नाही? सरळ उत्तर होतं की फ्रीडम हाउसलाच वाढवा. 1970 मध्ये महापौर झालेल्या पीट फ्लॅहर्टींना ते नको होतं. करारातले पैसे लांबू लागले. मग शहराने स्वतःची अँब्युलन्स सेवा उभी करायचं ठरवलं, सुरुवातीला गोऱ्या कर्मचाऱ्यांची. 15 ऑक्टोबर 1975 ला फ्रीडम हाउस बंद झालं.

नव्या सेवेत फ्रीडम हाउसच्या लोकांना घेतलंच पाहिजे, ही कॅरोलाइनची अट होती. घेतलं. मग एकेक करून वाट लावली. पोलिसांत जुनी नोंद असलेल्यांना काढलं. न शिकवलेल्या विषयांवर परीक्षा घेऊन काहींना नापास केलं. वर्षानुवर्षं शहर वाचवणाऱ्यांना नवख्यांच्या हाताखाली ठेवलं, पेशंटला हात लावू दिला नाही. बहुतेक जण कंटाळून गेले. 1990 च्या दशकाच्या अखेरीस पिट्सबर्गच्या पॅरामेडिकांत 98 टक्के गोरे होते.

यात सगळा दोष एका महापौराच्या माथी मारणं सोपं आहे, आणि तो त्याचा आहेही. पण मला जास्त खुपते ती विसरण्याची सफाई. 1972 मध्ये अमेरिकन टीव्हीवर लॉस एंजेलिसच्या अग्निशामक पॅरामेडिकांची 'इमर्जन्सी!' ही मालिका सुरू झाली आणि देशभर गाजली. पॅरामेडिक म्हणजे काय हे लोकांना त्या मालिकेने शिकवलं. त्यातल्या दोन्ही नायकांत कृष्णवर्णीय कुणी नव्हतं. लॉस एंजेलिस, मायामी, सिअॅटल इथेही त्याच सुमारास असे प्रयोग चालू होते हे खरंच आहे, आणि 'जगात पहिले कोण' या भांडणात मला रस नाही. पण अभ्यासक्रम ज्यांच्या अनुभवातून लिहिला गेला, त्यांची नावं त्यांच्याच शहरातल्या तरुण पॅरामेडिकांना माहीत नसावीत, हे आपोआप घडत नाही. केविन हॅझर्ड या माजी पॅरामेडिकने 'अमेरिकन सायरन्स' हे पुस्तक लिहून ही गोष्ट नीट मांडली, तेव्हा 2022 साल उजाडलं होतं.

मून टिकून राहिला. पिट्सबर्गच्या सेवेत तो असिस्टंट चीफ झाला, 2009 मध्ये निवृत्त झाला. त्या पदावर असताना त्याने कृष्णवर्णीय तरुणांना भरतीत आणायचा हट्ट धरला. त्याने आणलेल्यांपैकी अमेरा गिलख्रिस्ट 2023 मध्ये त्याच सेवेची प्रमुख झाली. या पदावरची पहिली कृष्णवर्णीय, आणि पहिली स्त्रीही.

कॅरोलाइन पुढे इस्रायलला गेली, आफ्रिकेत फिरत्या डॉक्टरांबरोबर काम केलं, 2002 मध्ये वारली. तिचं पाठ्यपुस्तक 1979 मध्ये छापून आलं. नाव 'इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स', रस्त्यावरचे तातडीचे उपचार. त्याच्या नव्या आवृत्त्या तिच्यामागेही निघत राहिल्या आणि पॅरामेडिक होऊ पाहणारी पोरं अजून त्यावरून शिकतात. शीर्षकातले रस्ते हिल डिस्ट्रिक्टचे आहेत.